वेदनाशामके न सोसणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया : भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि परिचारिकांना खुले पत्र

सर्व भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि वॉर्डमधील परिचारिका यांस,

सविनय नमस्कार.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की पूर्वतपासणीचा अर्ज भरून घेतला जातो. त्या अर्जात "कोणत्याही औषधाची ॲलर्जी आहे का?" असा एक प्रश्न असतो आणि त्यापुढे दोन-तीन शब्द जेमतेम बसतील एवढी जागा असते. ज्यांना वेदनाशामक औषधे सोसत नाहीत अशा माझ्यासारख्या रुग्णांची शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र कशी जाणार, हे पुष्कळदा त्या एवढ्याशा जागेत काय लिहिले गेले यावर ठरते. म्हणून या पत्रातून मी आपणांकडे एकच मागणी करते आहे. कोणते औषध सोसत नाही एवढे विचारून थांबू नका. ते घेतल्यावर नेमके काय झाले होते ते विचारा, रुग्णाने सांगितले तसे लिहून ठेवा, आणि त्यावरून वेदनाशमनाची योजना शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ती रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती पोहोचेल अशी व्यवस्था करा.

मला दमा आहे, नाकात पुन्हा पुन्हा पॉलिप, म्हणजे मऊ मांसल गाठी, वाढतात, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटात गेले की थोड्याच वेळात नाक चोंदते व छातीत घरघर सुरू होते. ट्रॅमाडॉल या दुसऱ्या प्रकारच्या वेदनाशामकाने माझ्या श्वासाला काही होत नाही, पण उलट्या थांबता थांबत नाहीत. हे दोन त्रास वेगळे आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. तरीही माझ्या एका शस्त्रक्रियेच्या वेळी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने "पेनकिलर ॲलर्जी" एवढेच लिहिले गेले. रात्री भूल पूर्ण उतरली आणि कळा असह्य झाल्या, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरांनी ट्रेमधली इंजेक्शनची कुपी उचलली, केसपेपरचा तो कोपरा पाहिला आणि कुपी परत ठेवली. त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्या लाल शब्दांवरून कोणते औषध चालेल हे कळायला त्यांना मार्गच नव्हता, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलणे होईपर्यंत त्यांच्याकडे देण्यासारखे पॅरासिटामॉल तेवढे होते. पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, दुसऱ्या रुग्णालयात, याच्या उलट घडले. अर्जावर "डायक्लोफिनॅक" हे एकच नाव उतरवले गेले होते. टाके घालून होत आले असताना मला डायक्लोफिनॅकच्याच गटातले केटोरोलॅक दिले गेले, कारण त्या औषधाचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते, आणि रिकव्हरी रूममध्ये मला जाग आली ती धाप लागूनच. एका ठिकाणी नोंद इतकी मोघम होती की सगळीच औषधे बाद झाली, आणि दुसऱ्या ठिकाणी ती इतकी तोकडी होती की नको तेच औषध दिले गेले.

हे दोन्ही प्रसंग टाळता येण्यासारखे होते आणि त्यासाठी लागणारे ज्ञान नवे नाही. ॲस्पिरिन न सोसणे, दमा आणि नाकातले पॉलिप या तिन्हींचा एकत्र संबंध फ्रान्समधील फर्नांद विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्येच नोंदवला होता, आणि १९६८ मध्ये मॅक्स सॅम्टर व रोलंड बीअर्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. या विकारात रुग्णाचे शरीर औषधाच्या रेणूला ओळखून त्यावर हल्ला करत नसते. त्रास होतो तो औषध जे काम करते त्यामुळे. ही औषधे कॉक्स-१ हे विकर रोखतात, त्यामुळे श्वासनलिकांना सांभाळणारे प्रोस्टाग्लँडिन घटते आणि त्या आकुंचित करणारी ल्युकोट्राइन्स भरमसाट वाढतात. कारण हे असल्यामुळे कॉक्स-१ जोरकसपणे रोखणारे कोणतेही औषध, मग ते आयबुप्रोफेन असो, नॅप्रोक्सेन असो, डायक्लोफिनॅक असो की केटोरोलॅक, अशा रुग्णाला तोच त्रास देऊ शकते. एकाचे नाव लिहून बाकीची मोकळी सोडणे म्हणूनच धोक्याचे असते. पॅरासिटामॉल हे विकर फारच क्षीणपणे रोखते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत ते बहुतेकांना चालते, मात्र मोठ्या मात्रेत काहींना तेही बाधते. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब ही मुख्यतः कॉक्स-२ या दुसऱ्या विकरावर काम करणारी औषधे अशा रुग्णांपैकी बहुतेकांना सोसतात, पण त्यांची पहिली मात्रा देखरेखीखाली घ्यावी लागते, आणि ती देखरेख शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी शांतपणे करता येते, मध्यरात्री वॉर्डमध्ये नव्हे.

याच गटाच्या औषधांनी होणारा दुसरा एक प्रकारही आहे. एखाद्याला फक्त एकाच औषधाने अंगभर गांधी उठतात किंवा ओठ-पापण्या सुजतात आणि त्याच गटातले रचनेने वेगळे असलेले दुसरे औषध त्याला निर्धास्त चालते. हा माणूस आणि मी, दोघांच्याही अर्जावर "डायक्लोफिनॅक" एवढेच लिहिलेले असेल. त्याला दुसरे औषध मिळायला हवे आणि मला मिळता कामा नये, हे त्या एका नावावरून कुणालाही सांगता येणार नाही. दमा आहे का, नाकात पॉलिप आहेत किंवा पूर्वी काढले आहेत का, वास येणे कमी झाले आहे का, त्रास किती वेळाने सुरू झाला, श्वास लागला की त्वचेवर उठले, दुसरे कोणते वेदनाशामक त्यानंतर घेतले आणि ते चालले का, एवढे प्रश्न विचारले तर हा भेद पुष्कळ अंशी उलगडतो. त्याला पाच मिनिटे लागतात. ज्या रुग्णाच्या बाबतीत एवढे करूनही उलगडा होत नाही, त्याला ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवायला शस्त्रक्रियेपूर्वी वेळ असतो, नंतर नसतो.

आता मॉर्फिनविषयी. अफूपासून मिळणाऱ्या आणि त्या धर्तीवर तयार केलेल्या औषधांची, म्हणजे ओपिऑइड्सची, "ॲलर्जी" असल्याची नोंद अनेकांच्या नावावर असते. मॉर्फिन आणि कोडीन शरीरातील मास्ट पेशींमधून हिस्टामिन हे खाज व लाली आणणारे रसायन थेट बाहेर काढतात. त्यात प्रतिपिंडांचा काही संबंध नसतो. इंजेक्शन दिलेल्या शिरेवर लाल रेघ उमटते, चेहरा तापतो, नाक खाजते, क्वचित रक्तदाब थोडा उतरतो. औषध सावकाश दिले, मात्रा कमी केली किंवा हिस्टामिन जवळजवळ न सोडणारे फेंटॅनिल निवडले तर हा त्रास बहुधा टळतो. खरी, प्रतिपिंडांमुळे होणारी मॉर्फिनची ॲलर्जी विरळा आहे. तिची खात्री करून घेणेही सोपे नाही, कारण त्वचेवर चाचणी केली तर मॉर्फिन तिथेही हिस्टामिन सोडून फुगवटा आणते आणि चाचणी फसवी ठरते. म्हणूनच रुग्णाच्या तोंडून ऐकलेली हकिकत इथे एखाद्या तपासणीइतकीच मोलाची असते.

खाजेबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण तिचा त्रास रुग्णांना उगाच सोसावा लागतो. मणक्यातून दिलेल्या भुलीत मॉर्फिन मिसळले असेल तर पुष्कळांना नाक, चेहरा आणि छातीवर जीव नकोसा करणारी खाज सुटते. ही खाज मुख्यतः मज्जारज्जू व मेंदूतील ओपिऑइड जिथे चिकटते त्या ग्राहींमुळे येते, हिस्टामिनमुळे नव्हे, त्यामुळे तिच्यावर ॲलर्जीची गोळी दिली तर झोप येते पण खाज फारशी हटत नाही. नाल्ब्युफिन किंवा नॅलोक्सोनची अगदी छोटी मात्रा, काहींच्या बाबतीत ऑन्डान्सेट्रॉन, यांचा उपयोग होतो. रुग्णाला हे आधी सांगितलेले असेल तर तो घाबरत नाही, आणि घरी गेल्यावर "मला मणक्यातली भूल सोसत नाही" असे जन्मभर सांगतही बसत नाही. अशी एक चुकीची नोंद पुढच्या शस्त्रक्रियेत त्याच्यासाठी एक उत्तम पर्याय बंद करून टाकते.

मळमळ आणि उलट्या हा त्रास किरकोळ समजला जातो, असा माझा अनुभव आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पोटावर टाके असताना दर अर्ध्या तासाने येणारी उलटी ही वेदनाच असते. औषध घेतले तर उलट्या आणि न घेतले तर कळा, यांत निवड करायला लावल्यावर बहुतेक रुग्ण कळा पत्करतात आणि वेदनेमुळे खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, अंथरुणातून उठत नाहीत. त्याचे परिणाम फुप्फुसांवर आणि पायांतल्या रक्तवाहिन्यांवर होतात, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. या धोक्याचा अंदाज बांधण्याची साधी पद्धत ख्रिश्चन ॲपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा प्रवासात गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड द्यावे लागणे, या चार गोष्टींपैकी एकही नसेल तर धोका साधारण १० टक्के असतो, आणि एक, दोन, तीन, चार अशा गोष्टी जमत गेल्या की तो सुमारे २०, ४०, ६० आणि ८० टक्के होतो. चारपैकी तीन गोष्टींची उत्तरे पूर्वतपासणीच्या खोलीतच मिळतात. ज्याचा धोका जास्त आहे त्याला वायूऐवजी शिरेतून प्रोपोफोलवर भूल देणे, डेक्सामेथासोन व ऑन्डान्सेट्रॉन यांसारखी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन औषधे आधीच देणे, आणि ओपिऑइडची गरजच कमी होईल अशी तजवीज करणे, हे सारे आपल्या हातात असते. त्यातही मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचे औषध घेतल्यावर कुणाला कमालीची अस्वस्थता आली होती का, मान किंवा जबडा वाकडा झाला होता का, हे विचारून घ्यावे, कारण तो त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम असूनही रुग्णाला त्याचे नाव माहीत नसते आणि "उलटीच्या इंजेक्शनने मला काहीतरी झाले होते" एवढेच तो सांगू शकतो.

काही रुग्णांची तक्रार वेगळीच असते. ते म्हणतात, "मला या औषधाने काहीच फरक पडत नाही", आणि त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. कोडीन स्वतः फारसे काही करत नाही. यकृतातील सीवायपी२डी६ या विकराने त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर केल्यावरच वेदना कमी होते. ट्रॅमाडॉलचा बराचसा परिणामही याच विकरावर अवलंबून असतो. हे विकर काहींमध्ये जन्मतःच निकामी असते, तर काहींमध्ये भलतेच वेगवान असते. पहिल्यांना गोळी घेऊनही आराम पडत नाही, दुसऱ्यांना नेहमीच्या मात्रेतच गुंगी येते आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यानंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचा मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्याविरुद्ध आपला सर्वांत कडक इशारा जारी केला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांच्या वेदनेसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल दोन्ही निषिद्ध ठरवली. तेव्हा "काहीच फरक पडत नाही" किंवा "एका गोळीत मी दिवसभर झोपलो" ही दोन्ही वाक्ये वैद्यकीय माहिती आहेत आणि ती केसपेपरवर यायला हवीत. त्यांच्या जोडीला रुग्ण नैराश्यावरची कोणती गोळी घेतो हेही विचारायला हवे, कारण फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन हेच विकर रोखतात, आणि अशा औषधांसोबत ट्रॅमाडॉल दिल्यास झटके येण्याचा व सेरोटोनिन वाढून गंभीर त्रास होण्याचा धोकाही असतो. हा प्रश्न नातेवाइकांच्या घोळक्यात विचारू नये, एवढी विनंती. उत्तर खरे हवे असेल तर तो एकांतात विचारावा लागतो.

हीच काळजी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांबाबत आणि जुनाट दुखण्यासाठी दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांबाबत घ्यावी. नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर ओपिऑइडचा परिणामच होत नाही, ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर ते बहुधा चालू ठेवूनच योजना आखावी लागते, आणि रोज ओपिऑइड घेणाऱ्याला नेहमीची मात्रा पुरत नाही. हे शस्त्रक्रियेच्या सकाळी कळून उपयोग नाही. लोक ते लपवतात, कारण सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. आपला चेहरा बदलला नाही तर अर्धे काम झाले.

मणक्यातील भूल आणि हातापायाची नस बधिर करणारे इंजेक्शन हे आमच्यासारख्या रुग्णांसाठी सर्वांत मोठे वरदान आहे, कारण त्यांमुळे पोटातून आणि शिरेतून द्यायच्या वेदनाशामकांची गरज कितीतरी घटते. दुर्दैवाने हे दारही पुष्कळदा खोट्या नोंदीमुळे बंद झालेले असते. दाताच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर छाती धडधडली, हात थरथरले, घाम फुटून चक्कर आली, आणि तेव्हापासून "लोकल ॲनेस्थेशिया चालत नाही" असे सांगणारे अनेक जण असतात. त्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळलेले असते आणि धडधड त्याने होते. चक्कर येते ती पुष्कळदा भीतीने. लिग्नोकेन आणि बुपिवॅकेन या बधिर करणाऱ्या औषधांच्या गटाची खरी ॲलर्जी अतिशय दुर्मीळ आहे. शंका असेल तर ती तज्ज्ञाकडून तपासून घेता येते, आणि नोंद खोटी ठरली तर ती पुसता येते. चुकीची नोंद पुसणे हेही उपचारच आहेत, आणि ते करायला कुणालाच वेळ नसतो, ही माझी मोठी खंत आहे.

याचा अर्थ सगळ्याच तक्रारी दुष्परिणाम म्हणून सोडून द्याव्यात, असे मुळीच नाही. औषध घेतल्यावर काही मिनिटांत घसा आवळला, जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, रक्तदाब कोसळला किंवा शुद्ध हरपली, असे ज्याने सांगितले त्याच्या बाबतीत ते औषध नीट तपासणी होईपर्यंत वर्ज्यच. शिवाय भुलीच्या वेळी जीवघेणी प्रतिक्रिया आली तर ती वेदनाशामकानेच आली असे गृहीत धरू नये. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने केलेल्या सहाव्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण सुमारे १०,००० भुलींमागे १ आढळले, आणि कारणांमध्ये प्रतिजैविके पहिल्या व स्नायू शिथिल करणारी औषधे दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यांच्यामागोमाग त्वचा निर्जंतुक करण्याचे क्लोरहेक्झिडिन होते. प्रतिक्रिया आल्यावर शक्य तितक्या लवकर, नंतर साधारण एक-दोन तासांनी, आणि पुन्हा किमान एका दिवसाने ट्रिप्टेज, म्हणजे अशा प्रतिक्रियेत रक्तात वाढणारा घटक, तपासण्यासाठी रक्त घेतले गेले, तर पुढे खरे कारण शोधता येते. रक्त घेतले नाही आणि कार्डावर "भुलीची ॲलर्जी" असे लिहून दिले, तर त्या माणसाला पुढच्या प्रत्येक भुलीला जीव मुठीत धरून सामोरे जावे लागते.

एवढी माहिती हाती आली की योजना आखणे आपल्यासाठी अवघड नसते. दुखू लागल्यावर मागणीनुसार देण्याऐवजी घड्याळाच्या काट्यावर दिलेले पॅरासिटामॉल, नस बधिर करणे किंवा जखमेभोवती भुलीचे औषध सोडणे, शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोनची एक मात्रा, गरजेनुसार अल्प मात्रेत केटामिन, आणि या सगळ्यानंतरही लागलेच तर रुग्णाला सोसणारे एखादे ओपिऑइड कमीत कमी मात्रेत, असे अनेक मार्ग एकत्र वापरता येतात. प्रत्येकाची पथ्येही आहेतच. प्रौढाला २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमपेक्षा जास्त देता येत नाही आणि वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृत दुबळे असेल तर ती मर्यादा आणखी खाली येते. त्यात सर्दीच्या आणि मिश्र वेदनाशामक गोळ्यांमधले दडलेले पॅरासिटामॉलही मोजावे लागते. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठून गुंगी वाढते. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाला ओपिऑइड आणि गॅबापेंटिनसारखे गुंगी आणणारे औषध एकत्र दिले तर रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवावे लागते. हे आपण जाणता. माझे म्हणणे पुढच्या पायरीबद्दल आहे. योजनेत पहिले औषध कोणते एवढेच लिहिलेले असते, ते पुरले नाही तर दुसरे कोणते, आणि दुसऱ्यानेही भागले नाही तर कुणाला फोन करायचा, हे लिहिलेले नसते. माझ्यासारख्या रुग्णांची परवड तिथेच होते, कारण नेहमीचा पर्याय आम्हाला चालत नाही आणि नेहमीपेक्षा वेगळा पर्याय निवडण्याचा अधिकार रात्री दोन वाजता हजर असलेल्या व्यक्तीला नसतो.

नोंदीबाबत दोन गोष्टी मागते. एक म्हणजे प्रत्येक औषध मूळ नावाने लिहावे. कंपनीगणिक नावे बदलतात, एका गोळीत दोन-तीन औषधे असतात, आणि ट्रॅमाडॉल न सोसणाऱ्या रुग्णाला पॅरासिटामॉलच्या जोडीने ट्रॅमाडॉल असलेली गोळी सहज दिली जाते, कारण पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांत ते नाव नसते. दुसरी म्हणजे औषधाच्या नावाशेजारी काय झाले, किती वेळाने झाले, मात्रा किती होती, कशाने बरे वाटले आणि त्यानंतर कोणते औषध चालले, हे लिहिण्याची जागा अर्जात ठेवावी. यांतले शेवटचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काय चालत नाही याची यादी सगळेच करतात. काय चालते ते लिहून ठेवले असते तर लाल शाई पाहून त्या सिस्टरांना हात आखडता घ्यावा लागला नसता. मोघम नोंदीत सुक्याबरोबर ओलेही जळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा तपासणी-सूची आणली, तिच्यात भूल देण्यापूर्वी "ज्ञात ॲलर्जी आहे का" हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे आहे. त्या क्षणी तेवढेच विचारणे योग्यही आहे. पण त्याच सूचीच्या अखेरीस, रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वी, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी त्याच्या पुढील काळजीतील मुख्य बाबी एकमेकांना सांगायच्या असतात. संवेदनशील रुग्णाची वेदनाशमनाची योजना मोठ्याने सांगण्याची जागा तीच आहे. "यांना कॉक्स-१ रोखणारे काहीही द्यायचे नाही, पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, नस बधिर केली आहे ती पहाटे उतरेल, त्याआधी अमुक औषध द्या, उलटी झाली तर तमुक", एवढी चार-पाच वाक्ये तिथे बोलली गेली आणि कागदावर वॉर्डपर्यंत गेली, तर आणखी काही मागायचे उरणार नाही. नस बधिर केल्याचा परिणाम केव्हा ओसरणार हे तर आवर्जून सांगावे. तो बहुधा झोपेतच ओसरतो आणि जाग येते तेव्हा वेदना शिगेला पोहोचलेली असते.

आमच्या बाजूने आम्ही काय करायचे, याचीही मला जाणीव आहे. जुनी डिस्चार्ज कार्डे, पूर्वीच्या भुलीच्या नोंदी आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आम्ही घेऊन येऊ. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक किंवा दुकानातून आपणहून आणलेली औषधेही सांगू. मनाने काही बंद करणार नाही, विशेषतः हृदयासाठी चालू असलेले ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी औषधे, कारण ती कधी थांबवायची आणि थांबवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. घरघर झाली असेल तर घरघर म्हणू, मळमळ झाली असेल तर मळमळ म्हणू, आणि आठवत नसेल तर आठवत नाही असे सांगू. त्या बदल्यात आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. एखाद्या रुग्णाने "मला अमुकच इंजेक्शन चालते" असे नाव घेऊन सांगितले की समोर बसलेल्यांच्या नजरेत शंका येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. दुखण्यात अनेक औषधांची परीक्षा देऊन जो माणूस त्या एका नावापर्यंत पोहोचलेला असतो, त्याला ते नाव सांगायला लाज वाटावी अशी वेळ आणू नका. शंका असेल तर जुने कागद मागा, फॅमिली डॉक्टरांना फोन करा, मात्रा कमी ठेवा आणि शेजारी उभे राहून परिणाम पाहा.

शेवटची विनंती घरी सोडतानाची. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, टाके काढण्याची तारीख आणि गोळ्यांची यादी असते. त्याखाली आणखी चार ओळी लिहा : भुलीत कोणती औषधे दिली, वेदनेसाठी कोणती दिली, त्यांतले काय सोसले आणि काय बाधले. बाधले असेल तर ते ॲलर्जी वाटले की दुष्परिणाम, आणि पुढे तपासणी हवी की नको, हेही लिहा. कार्डाची एक प्रत रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवा आणि एक रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत व अक्षरात द्या, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्याही रुग्णालयात पूर्वतपासणीचा अर्ज समोर आला की आम्ही ते कार्ड त्याला जोडू.

आपली विश्वासू,
वेदनाशामके न सोसणारी एक रुग्ण